निष्कर्ष हाती आहेत. शिधा कोठे आहे?

छत्तीसगढला ‘धानाचे कोठार’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. रायपूरच्या राजकीय व्यासपीठांवरून तर हा शब्दप्रयोग प्रत्येक पक्ष अभिमानाने करीत असतो. २०२४-२५ च्या हंगामात राज्य शासनाने शेतकऱ्यांकडून सुमारे १४९ लाख टन धान खरेदी केले. याच राज्यात, रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी या गावी ‘जन स्वास्थ्य सहयोग’ ही डॉक्टरांची संस्था ग्रामीण रुग्णालय चालविते. २००४ ते २००९ या काळात तेथे फुप्फुसाच्या क्षयाचे जे १६९५ प्रौढ रुग्ण आले, त्यांच्या वजनांचा अभ्यास २०१३ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या पुरुषांचे वजन ४२.१ किलोपेक्षा कमी होते. निम्म्या स्त्रियांचे ३४.१ किलोपेक्षा कमी. चौतीस किलो हे दहा-अकरा वर्षांच्या निरोगी मुलीचे वजन होय. या स्त्रिया प्रौढ होत्या. शेतात रोवणी करीत होत्या, मुलांना जन्म देत होत्या.

धानखरेदीचा आकडा व वजनांचे आकडे वेगवेगळ्या वर्षांचे आहेत, हे खरे. परंतु २००४ सालीही हे राज्य धानाचे कोठारच म्हणवीत होते. कोठार भरलेले असणे आणि ते भरणाऱ्याचे पोट भरलेले असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढेच हे आकडे सिद्ध करतात. वैद्यकशास्त्राच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत जे महत्त्वाचे निष्कर्ष पुढे आले, त्यांचा विचार येथूनच सुरू करणे उचित ठरेल. कारण त्यांतील काही या भूमीतील कष्टकऱ्यांच्या शरीरांवरूनच निघालेले आहेत, आणि त्यांचे पुढे काय झाले हा प्रश्न वैद्यकाचा राहिलेला नसून राजकारणाचा झालेला आहे.

अन्न हेच प्रतिबंधक औषध

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्या दिवसापासून क्षय म्हणजे जंतू व उपचार म्हणजे जंतुनाश, अशी विचारसरणी रुजत गेली. वास्तविक इंग्लंडमध्ये परिणामकारक औषध उपलब्ध होण्यापूर्वीच क्षयाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटलेले होते, आणि त्या घटीमागे कामगारांचे आहारमान व राहणीमान सुधारणे हे एक प्रमुख कारण होते, असे प्रतिपादन पुढे थॉमस मॅकिऑन यांनी केले.

भारतात या विचाराला आणखी एक वळण लागले. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने एका ऐतिहासिक प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरोग्यधामात चांगल्या आहारासह ठेवलेले रुग्ण आणि गरीब वस्तीतील घरीच राहून औषध घेणारे रुग्ण, दोघेही जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले. या प्रयोगाने गरिबाला आरोग्यधामाच्या दारात ताटकळण्यापासून मुक्त केले, हे त्याचे थोर कार्य होय. परंतु शासनयंत्रणेने त्यातून सोयीचा असा दुसराही अर्थ काढला: गोळी दिली की पुरे, आहाराचा विचार करण्याचे कारण नाही. रोग जडल्यावर औषधाने बरे होणे आणि मुळात रोग न जडणे या भिन्न बाबी आहेत, याचा सोयीस्कर विसर पडला.

हा गैरसमज दूर करणारा पुरावा ऑगस्ट २०२३ मध्ये समोर आला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी छत्तीसगढच्या शेजारच्या झारखंड राज्यातील चार जिल्ह्यांत एक व्यापक प्रयोग केला. गनियारीचा अभ्यास प्रसिद्ध करणाऱ्यांत डॉ. भार्गव हेच प्रमुख होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. २८०० रुग्ण व त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे या प्रयोगात सहभागी झाली. दोन्ही गटांतील रुग्णांना औषधाबरोबर दरमहा दहा किलोचा शिधा देण्यात आला. रुग्णाला उपाशी ठेवून तुलना करण्याचा अमानुष मार्ग संशोधकांनी पत्करला नाही. फरक एवढाच, की एका गटात घरातील इतर माणसांनाही तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या.

परिणाम काय झाला? ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. ज्या फुप्फुसाच्या क्षयाचा जंतू तपासणीत सापडतो, तो क्षय ४८ टक्क्यांनी घटला. रुग्णांच्या बाबतीतही निष्कर्ष तेवढाच स्पष्ट होता. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या मानाने ६१ टक्क्यांनी कमी आढळला. उपचार सुरू होताना शंभरांतील अवघे तीन रुग्ण काम करू शकत होते. शेवटी पंच्याहत्तर कामाला लागले. एखाद्या नव्या लसीने संसर्गात निम्म्याने घट केली असती, तर जगभरच्या औषधकंपन्यांनी तिच्या एकस्वासाठी झुंबड उडविली असती. डाळ-तांदळाचे एकस्व घेता येत नाही. म्हणूनच या निष्कर्षाचा गाजावाजा झाला नाही.

शासनाने हा निष्कर्ष नाकारलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णाला दरमहा ५०० रुपये देण्याची योजना आहे. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. परंतु रुग्णाच्या घरच्यांचे काय? ज्या माणसांना शिधा दिल्याने रोगच टळतो असे सिद्ध झाले, त्यांचा शिधा शासनाने ‘निक्षय मित्र’ नावाच्या दात्यांवर सोपविला. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात कोणी कारखानदार, कोणी आमदार, कोणी संस्था रुग्णाला ‘दत्तक’ घेते आणि अन्नाची टोपली देते. २०२४ मध्ये रुग्णाच्या कुटुंबीयांचाही त्यातच समावेश करण्यात आला. देणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही. परंतु जे प्रतिबंधक औषध म्हणून सिद्ध झाले आहे, ते कोणाच्या मर्जीवर कसे ठेवता येईल? देवीची लस दात्याची वाट पाहत दिली गेली नव्हती. दान देणारा उद्या थांबला, तर घरातील मुलाने जाब कोणाला विचारावा?

२०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करण्याची घोषणा केंद्र सरकारने २०१८ साली केली होती. ते वर्ष उलटून गेले. २०२४ साली लाख लोकसंख्येमागे १८७ जणांना नव्याने क्षय झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१५ साली हे प्रमाण २३७ होते. घट झाली, हे मान्य. परंतु घोषणेपासून ती फार दूर राहिली.

एक रक्तदोष, दोन किमती

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. या आनुवंशिक विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा रोग असल्याचे दाखवून दिले. त्याच सुमारास इंग्लंडमधील कम्युनिस्ट शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी असे अनुमान मांडले, की रक्ताचे असे आनुवंशिक दोष मलेरियाच्या प्रदेशांत टिकून राहतात, कारण वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून सिकलसेलच्या बाबतीत ते खरे असल्याचे दाखविले. पक्षाच्या ‘डेली वर्कर’ या दैनिकातून कामगारांसाठी विज्ञानलेखन करणारे हाल्डेन १९५७ साली भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

मध्य भारतात या विकाराची नोंद १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी केली. तोपर्यंत नागपूर मुंबई राज्यात गेले होते व रायपूर मध्य प्रदेशात राहिले होते. परंतु १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती, आणि रक्ताने राज्यपुनर्रचना मानली नाही. आजही गडचिरोली-गोंदियापासून राजनांदगाव-रायपूरपर्यंत हा एकच सलग पट्टा आहे. रायपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रायपूर जिल्ह्यातील सुमारे ३ लाख ६० हजार मुलांच्या रक्ताची तपासणी केली. नऊ टक्क्यांहून अधिक मुले वाहक आढळली. हा केवळ आदिवासींचा विकार आहे, ही समजूतही खरी नाही. साहू, कुर्मी अशा शेतकरी जातींत आणि दलितांतही तो आहे.

या विकारावर विज्ञानाने आज दोन उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर जनुकसंपादनाचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबरमध्ये अमेरिकेने अशा पहिल्या उपचाराला मान्यता दिली. मानवी बुद्धीचा तो खरोखरच विजय आहे. त्याची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे अठरा कोटी रुपये, ठरविण्यात आली. दुसरे उत्तर हायड्रॉक्सियुरिया या जुन्या, स्वस्त गोळीचे. तिने वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ सालीच सिद्ध झाले होते. २०१९ साली अंगोला, काँगो, केनिया व युगांडा येथील मुलांवर झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले, की गरीब देशांतही ही गोळी सुरक्षितपणे देता येते आणि तिने वेदना, रक्त भरण्याची गरज व मृत्यू, तिन्ही घटतात.

जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचे अभियान सुरू केले आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. तपासणी आवश्यकच आहे. परंतु तपासणी हे उपचाराचे दार होय, उपचार नव्हे. हातात वाहकाचे किंवा रुग्णाचे कार्ड मिळाले आणि गोळी मात्र पन्नास किलोमीटरवर राहिली, तर मजुराच्या मुलाला त्या कार्डाचा उपयोग काय? दररोज, वर्षानुवर्षे घ्यावयाची गोळी जवळच्या आरोग्य केंद्रात बारमाही मिळणे आणि तेथे रक्ततपासणीची सोय असणे, हा या प्रश्नाचा गाभा आहे. अठरा कोटींचा उपचार वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतो; गोळीचा पुरवठा कोठेच येत नाही.

कार्ड आले, खर्च राहिला

तिसरा निष्कर्ष थेट रायपुरातूनच आलेला आहे. छत्तीसगढने २०१२ सालापासून आरोग्य विमा सर्व कुटुंबांना लागू केला. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची ‘आयुष्मान भारत’ विमा योजना आली. विम्याचे कार्ड हाती आले की गरीब माणूस रुग्णालयात मोफत उपचार घेईल, असा प्रचार झाला. संशोधन काय सांगते? २०१४ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवर आधारलेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, छत्तीसगढमध्ये विमा असूनही खासगी रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांना खिशातून पैसे मोजावे लागले. सरकारी रुग्णालयातही ६६ टक्क्यांना काही ना काही खर्च आला. परंतु खासगीतील मध्यवर्ती खर्च सरकारीच्या आठपट होता. रायपूरच्या राज्य आरोग्य संसाधन केंद्रातील संशोधकांनी २०२० साली आयुष्मान योजनेचाही छत्तीसगढपुरता अभ्यास प्रसिद्ध केला. विम्यामुळे रुग्णालयीन उपचारांचा लाभ वाढल्याचे वा खिशातील खर्च घटल्याचे त्यातही दिसून आले नाही.

याची कारणे गूढ नाहीत. विमा हा पैसा देतो. डॉक्टर देत नाही. खासगी रुग्णालये रायपूर, बिलासपूर, दुर्ग अशा शहरांतच एकवटलेली आहेत. बस्तरच्या गोंड मजुराला कार्डाने रुग्णालय मिळत नाही. शिवाय जेथे प्रत्येक शस्त्रक्रियेमागे दर मिळतो, तेथे शस्त्रक्रियाच वाढते. २०१२ साली याच राज्यात विम्याच्या पैशासाठी स्त्रियांची गर्भाशये अनावश्यकपणे काढल्याचे प्रकरण उघडकीस आले, ते या व्यवस्थेचे तर्कशुद्ध फलित होते. क्षयाच्या गोळीत, डाळीच्या टोपलीत, हायड्रॉक्सियुरियाच्या पुडीत नफा नाही. म्हणून विम्याच्या अर्थव्यवस्थेत त्यांना स्थान नाही.

विज्ञान आणि वर्ग

तिन्ही उदाहरणे एकत्र पाहिली म्हणजे एक सूत्र स्पष्ट होते. ज्ञानाची उणीव आहे, असे आता म्हणता येत नाही. विज्ञानाने दिलेल्या निष्कर्षांपैकी जो विकाऊ वस्तू बनू शकतो, त्याला भांडवल उचलून धरते. जो हक्क म्हणून द्यावा लागतो, तो दानधर्मावर सोडला जातो. आणि जो नफेखोरीवर बोट ठेवतो, त्याकडे पाठ फिरविली जाते. येथे विज्ञानाचा दोष नाही. विज्ञानाला दूषणे देऊन जडीबुटी व ‘प्राचीन वैभवा’कडे वळविणारे लोक याच व्यवस्थेची सेवा करीत असतात. श्रमजीवी वर्गाला कमी नव्हे, अधिक विज्ञान हवे आहे. फक्त ते आरोग्य केंद्राच्या दारापर्यंत पोहोचलेले हवे आहे.

हे शक्य आहे काय? छत्तीसगढनेच त्याचे उत्तर दिलेले आहे. १९८३ साली दल्ली-राजहरा येथील लोहखनिजाच्या खाणकामगारांनी वर्गणीतून व श्रमदानातून ‘शहीद अस्पताल’ उभारले. १९७७ च्या पोलीस गोळीबारात पडलेल्या अकरा जणांच्या स्मृतीसाठी. ही संघटना आपल्या पक्षाच्या ध्वजाखालची नव्हती आणि तिच्याशी मतभेदही होते. परंतु कामगार संघटनेने वेतनाबरोबर आरोग्याचाही लढा लढावा, हा धडा तिने घालून दिला. तिचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. त्या रुग्णालयात आरंभी काम केलेले डॉ. बिनायक सेन यांना २०१० साली रायपूरच्या सत्र न्यायालयाने राजद्रोहाच्या आरोपावरून जन्मठेप सुनावली; एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. गरिबांचे आरोग्य हा विषय या राज्यात किती निर्धोक आहे, हे यावरून कळते.

दुसरे उत्तर मितानिनचे. छत्तीसगढी भाषेत मितानिन म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. २००२ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात पाड्यापाड्यांतून निवडलेल्या सुमारे ७० हजार स्त्रिया आरोग्याचे काम करतात. २००५ नंतर देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेला या कार्यक्रमाचा आधार मिळाला. क्षयाच्या रुग्णाला औषध घेतलेस का म्हणून विचारणारी, त्याच्या घरातील खोकणाऱ्या मुलाला ओळखणारी तीच आहे. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कामगारांना कामगार म्हणून मान्यता देण्याची शिफारस केली. ती आजही कागदावर आहे.

म्हणून मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. राज्याने २०१२ मध्ये, केंद्राच्याही आधी, अन्नसुरक्षेचा कायदा केला. रास्त दराच्या दुकानांचे जाळे गावोगाव आहे. अनुसूचित क्षेत्रात सवलतीचा चणाही त्याच दुकानांतून दिला गेला आहे. तांदूळ मिळतो, परंतु भातावर वरण नाही, आणि क्षयाशी झुंजणाऱ्या शरीराला प्रथिनेच हवी असतात. तेव्हा क्षयरुग्णाच्या घरातील प्रत्येक व्यक्तीला उपचाराच्या काळात डाळ व तेलासह पूर्ण शिधा याच दुकानातून, कायद्याने, दात्याविना मिळाला पाहिजे. सिकलसेलच्या पट्ट्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया व रक्ततपासणी बारमाही उपलब्ध झाली पाहिजे. विम्याच्या हप्त्यांवर व खासगी दाव्यांवर जाणारा पैसा सरकारी रुग्णालयांतील रिक्त पदे भरण्याकडे वळविला पाहिजे. आणि मितानिनला वेतन व कामगाराचा दर्जा मिळाला पाहिजे.

कामगार चळवळीनेही आत्मपरीक्षण करावयास हवे. रायपूरजवळच्या उरला-सिलतरा पट्ट्यातील कंत्राटी कामगार भट्टीच्या धुळीत उभा असतो; सिलिकाच्या धुळीने फुप्फुस झिजले की क्षय जडण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही बोनस व वेतनवाढीच्या मागणीपत्रात छातीची तपासणी शेवटच्या कलमात जाते आणि वाटाघाटीत प्रथम तीच सुटते. हे कलम वर आले पाहिजे. गडचिरोली, गोंदिया, नागपूर येथील कार्यकर्त्यांनाही हेच लागू आहे; रोगाचा व मजुरांच्या स्थलांतराचा मार्ग एकच आहे.

गनियारीच्या अभ्यासात आणखी एक नोंद आहे. उपचार पूर्ण झाल्यावरही निम्म्या स्त्रियांचे वजन धोक्याच्या पातळीखालीच राहिले. जंतू मेला होता. भूक जिवंत होती. औषधाने आपले काम केले. उरलेले काम कोणत्याही प्रयोगशाळेचे नाही. ते शिधापत्रिकेचे, मजुरीच्या दराचे आणि संघटित जनतेच्या दबावाचे आहे.